टाचणी की टाका?

आमच्या ग्रुपमध्ये सध्या गोधडीची लाट आहे, आणि वादाला एकच विषय: शिवताना टाचण्या लावायच्या की नाही? हसू नका. माझ्याकडे आजीची दोन सुती लुगडी आहेत, आईची एक पाचवारी आहे आणि त्यातून बहिणीच्या होणाऱ्या बाळासाठी गोधडी करायची आहे. नवं कापड बिघडलं तर उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये एक चक्कर मारली की काम झालं. आजीचं लुगडं बिघडलं तर कुठे जायचं?

मुळात भानगड आहे ती थर सरकण्याची. मशिनवर तर फारच. खालचे दाते खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचा दाब वरच्या कापडाला मागे धरून ठेवतो. टोकाला पोचेपर्यंत एक थर दोन बोटं जास्त उरलेला आणि मधे चुण्याच चुण्या! म्हणून परदेशी क्विल्टचे व्हिडिओ बघा, पंजाभर अंतरावर सेफ्टी पिना लावलेल्या दिसतात. मशिनवर शिवणार असाल तर त्यांचं ऐका. फक्त पिना मधून सुरू करून कडेकडे लावत जा आणि सुई जवळ यायच्या आत काढत जा. सुई पिनेवर आपटली तर तुकडा डोळ्याकडेही उडू शकतो.

पण आपली गोधडी म्हणजे हाताचा धावदोरा. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती कापड एकमेकांना आपसूक धरतं. जमिनीवर पसरायचं, कोपऱ्यांवर जड डबे ठेवायचे, तळहाताने सुरकुत्या काढायच्या आणि वीत-वीत अंतरावर लांब कच्च्या टाक्यांच्या ओळी घालायच्या. टाचणी कापडाला एका ठिपक्यावर पकडते, टाका अख्खी रेघ पकडतो. गंमत म्हणजे 'टाचणे' याचा अर्थच तात्पुरते लांब टाके घालणं. टाचणी हा शब्द त्यावरूनच आलाय.

आपण एकटेच असे नाही. उल्हासनगर 1949 साली वसलं, फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत राहिलेल्या सिंधी कुटुंबांचं. त्यांच्या सिंधमधली रल्ली आपल्या गोधडीची सख्खी बहीण: जुन्या कापडाचे थर, वर रंगीत तुकडे आणि हाताचे सरळ टाके. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका तर कडेपासून सुरुवात करून आत-आत शिवत येतात. तुकडा ठेवला, कड दुमडली, टाका घातला, पुढचा तुकडा. तिथे टाचणीला जागाच नाही.

माझं मत टाक्याच्या बाजूने पडलं ते मात्र दुसऱ्याच कारणाने. एक्सपोर्टचे लहान मुलांचे कपडे पॅक होण्याआधी सुई शोधणाऱ्या मशिनमधून जातात, कारण शिवणीत राहिलेलं टोक बाळाला लागू शकतं. आपल्या घरी कुठलं आलंय ते मशिन? चार थरांच्या आत अडकलेली टाचणी हाताला लागत नाही, पण अंगाखाली लागते. टाचण्या लावणारच असाल तर मोजून लावा, मोजून काढा.

शिवाय आपण शिवणार कधी? रविवारी. बाकी सहा दिवस गोधडी गुंडाळून कोपऱ्यात. बदलापूरच्या पावसात भिंतीला ओल येते, तिथे साध्या टाचणीला गंज चढायला किती वेळ लागणार? आणि गंजाचा डाग सुती कापडावरून सहजी जात नाही. टाचलेली घडी पिशवीत घालून लेडीज डब्यातसुद्धा नेता येते, चौथ्या सीटवर बसून दहा-बारा टाके होतात. टाचण्यांची गोधडी घेऊन 8 च्या लोकलला चढून दाखवा!

तुकडे जोडून वरचा थर करणार असाल, तर चार कोपरे जुळतात तिथे एकेक टाचणी मीही लावते. तिच्याशिवाय कोपरा बरोबर बसत नाही. लगेच काढते.

कच्च्या टाक्यांसाठी दोरा ठळक रंगाचा घ्या, म्हणजे उसवताना दिसतो. फक्त आधी तो पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर घासून बघा. बाजारात काही लाल दोरे असे आहेत, की पहिल्याच धुण्यात लुगडं गुलाबी.