पाटीवरचं नाव

सुट्टीत गावी गेले होते. जिथे एसटी थांबतच नाही तिथे नवी निवारा शेड, वर खासदारांचं ठळक नाव. शाळेचं छप्पर मात्र गळतंच आहे.

खासदार निधी १९९३ साली सुरू झाला, तेव्हा दर खासदारामागे ५ लाख होते. २०११-१२ पासून तो वर्षाला ५ कोटी झाला. काम खासदार सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं, पैसा मात्र आपल्या घरच्यांच्या साबण-तेलावरच्या करातला.

इथे अल गराफात आपण एकेक रियाल मोजून घरी धाडतो. मग हा हिशोब का विचारू नये? माहिती अधिकाराच्या अर्जाला फी अवघी १० रुपये, आणि परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही तो करता येतो. गावी गेलात की पाटी वाचा, खर्च विचारा आणि आम्हालाही कळवा.