पेटीचा कप्पा आणि गॅरेजमधला पोरगा

आपल्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही गॅरेजसमोर पाच मिनिटे उभे राहा. गाडीखालून आवाज येतो, "बारा-तेरा ला रे!" आणि दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा धावत सुटतो. काही पाने फरशीवर पसरलेले असतात, काही ऑइलच्या डब्यात, काही दुसऱ्याच गाडीच्या सीटवर. तो शोधतो, नेऊन देतो. चुकीचा दिला की शिवी खातो. हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही खटकत नाही. "पोरगा काम शिकतोय," असे म्हणून आपण पुढे जातो.

मला आज यावरच थोडे बोलायचे आहे. हा मुलगा दिवसातला बराच वेळ काम शिकत नसतो, तो पेटीच्या कप्प्याचे काम करत असतो. ज्या गॅरेजात अवजारांना ठरलेली जागा नाही, तिथे ती जागा त्या मुलाच्या डोक्यात आणि पायांत असते. म्हणून अवजारे कप्प्यात नीट लावणे हा मला नुसता टापटिपीचा विषय वाटत नाही. त्याचा संबंध त्या मुलाच्या शाळेशी आहे.

हे मी बाहेरून बघून सांगत नाही. १९८९ च्या उन्हाळ्यात मी स्वतः असा धावणारा पोरगा होतो. सोलापुरात हैदराबाद रस्त्याला माझ्या मामूंचे गॅरेज होते. ट्रक, जीप, मॅटाडोर, जे येईल ते. सुट्टीत घरी दंगा करतो म्हणून अम्मीने मला तिकडे धाडले. तिथे माझ्याच वयाचा आणखी एक मुलगा होता. त्याचे वडील वारले होते, म्हणून त्याच्या आईने त्याला मामूंच्या हवाली केले होते. आम्ही दोघे मिळून पाने शोधायचो. दुपारी नान आणि रस्सा एकाच ताटात खायचो. जूनमध्ये माझी शाळा सुरू झाली आणि मी घरी आलो. तो तिथेच राहिला.

त्याच उन्हाळ्यात एक घटना घडली. एका जीपचे काम संपवून गाडी गिऱ्हाइकाला दिली, आणि बारा-तेराचा पाना इंजिनावरच राहिला. अक्कलकोटच्या वाटेवर तो घसरून पंख्यात गेला, पंख्याने भिरकावला आणि रेडिएटर फुटला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तो पाना वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. ओरडले नाहीत. पाना टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मिस्त्री, ही तुमची अमानत." मामूंनी रेडिएटर स्वतःच्या पैशाने बदलून दिला. त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुढच्या जुम्म्याला गॅरेज बंद होते. मामूंनी आम्हा दोघांना बोलावले. ट्रकच्या जुन्या ट्यूबचे रबर कापून पेटीच्या प्रत्येक कप्प्यात अंथरले. प्रत्येक पाना त्यावर ठेवून पांढऱ्या ऑइलपेंटने त्याची कडा काढली. मोठी हातोडी, पुलर भिंतीवरच्या फळीवर टांगले, त्यांच्याही आकृत्या काढल्या. मग एकच नियम केला: "काम हुया की पाना जगा पो." संध्याकाळी पेटीत एक जरी आकृती रिकामी दिसली, तरी गाडी सोडायची नाही.

विमान दुरुस्तीच्या ठिकाणी हीच पद्धत वापरतात, हे मला खूप वर्षांनी कळले. तिथे फोममध्ये अवजाराच्या आकाराचे खोबण कापलेले असतात. कामाआधी आणि कामानंतर अवजारे मोजतात आणि एखादे कमी भरले तर ते सापडेपर्यंत विमान उडू देत नाहीत. जपानी कारखान्यांनी याच विचाराला पाच शब्दांत बसवले. नको ते काढा, हवे ते जागेवर ठेवा, साफ ठेवा, सगळ्यांसाठी एकच पद्धत ठेवा आणि ती मोडू देऊ नका. आज मोठमोठ्या कंपन्यांत 'फाइव्ह एस' नावाने याचे वर्ग चालतात. मामू चौथी शिकलेले. त्यांना हे एका फुटलेल्या रेडिएटरने शिकवले.

आता कप्पे लावायचे कसे? बाजारात पान्यांचा संच मिळतो तो नंबरवार असतो. सहा-सातपासून तीस-बत्तीसपर्यंत बारा दुतोंडी पाने. आपले मिस्त्री पेटी लावायला बसले तर तसेच नंबरवार लावतात, कारण दिसायला छान दिसते. माझे मत याच्या उलट आहे. पेटी कामाच्या क्रमाने लावावी. आपल्याकडच्या बऱ्याचशा मोटारसायकलींचे घराणे जपानी आहे. त्यांना ८, १०, १२, १४ आणि १७ हे नंबर पुन्हा पुन्हा लागतात. अकरा आणि पंधरा वर्ष-वर्ष पडून राहतात. दहाचा पाना सगळ्यात जास्त हरवतो, कारण तोच सगळ्यात जास्त हातात असतो. मग वरच्या कप्प्यात हे रोजचे पाने, पक्कड आणि दोन स्क्रू ड्रायव्हर, एवढेच हवे. त्याच्या खाली गोट्या, पट्टीवर ओळीने, म्हणजे एक जरी गेली तरी दात पडल्यासारखी फट दिसते.

मापाच्या वस्तूंना वेगळा कप्पा द्यावा. फीलर गेज, व्हर्निअर, टॉर्क रेंच यांच्यावर हातोडी पडली की त्यांचे माप खोटे होते, आणि खोटे माप हे माप नसण्यापेक्षा वाईट. कट्कन वाजणारा टॉर्क रेंच ठेवताना त्याची स्प्रिंग सगळ्यात खालच्या खुणेवर सैल करून ठेवायची. कानशी एकमेकींवर टाकू नयेत, दात दातांना घासून बोथट होतात. छिन्नी, हातोडी, तीस-बत्तीस असला जड माल सगळ्यात खाली, नाहीतर वरचा भरलेला कप्पा ओढला की चाकांचे कपाट अंगावर येते. म्हणूनच दोन जड कप्पे एका वेळी उघडे ठेवू नयेत.

आणि सुताचे पाने मिलिमीटरच्या पान्यांत कधीही मिसळू नयेत. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी आपल्या मिस्त्रींच्या तोंडी सूत अजून जिवंत आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. त्या नटावर तेराचा पाना बसतो, पण सैल बसतो. जोर लावला की घसरतो, नटाचे कोपरे झिजतात, कधी बोटेही सोलून निघतात. दोन्ही एकाच कप्प्यात असतील तर घाईच्या वेळी ही चूक होणारच.

एवढे केले की काय होते? गाडीखाली पडलेल्या मिस्त्रीच्या हाताजवळ चाकांची पेटी असते. त्याला कुणाला हाक मारावी लागत नाही. काम सुरू करण्याआधी लागणारे पाच पाने तो स्वतः काढून घेतो. 'बारा-तेरा ला रे' म्हणण्याची गरजच संपते. आणि ती संपली की दहा वर्षांचा पोरगा गॅरेजात कशाला हवा, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

कायदा तर स्पष्टच आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही. गॅरेज त्याच्या आधीपासूनच धोक्याच्या कामांच्या यादीत होते. आपल्याकडे लगेच उत्तर तयार असते, "कामाला नाही हो, भाचा आहे माझा." घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदतीची सवलत कायद्यात आहे, पण ती धोक्याच्या कामांना नाही. आणि खरे सांगायचे तर आपल्या गॅरेजांत जितके भाचे दिसतात, तितक्या बहिणी कुणालाच नसतात.

काही जण म्हणतील, तुम्ही आपल्याच माणसांच्या मागे का लागता? कारण हा धंदा मोठ्या प्रमाणात आपल्या माणसांच्या हातात आहे. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिले की मुस्लिम कामगार नोकरीपेक्षा स्वतःच्या छोट्या धंद्यांत जास्त आहेत, आणि वाहन दुरुस्ती हा त्यातला एक ठळक धंदा. सरकारकडेही तक्रार आहेच. २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्यात अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात. यादीत १८ कारागीर आहेत. लोहार आहे, कुलूप दुरुस्त करणारा आहे, हातोडी आणि अवजारे बनवणारा आहे. पण ती अवजारे दिवसभर हातात धरणारा मोटार मिस्त्री नाही. त्याला यादीत घ्या, ही मागणी रास्त आहे आणि आपण ती लावून धरली पाहिजे. मात्र रबर कापून पांढरी रेघ ओढायला कुठल्याच योजनेची वाट बघावी लागत नाही.

दुसरा आक्षेप मी अनेक उस्तादांकडून ऐकला आहे. "आम्हाला आकृत्या कशाला? आम्ही डोळे मिटून पाना काढतो." काढतात, मी पाहिले आहे. पण तो पाना फक्त तेच काढू शकतात. उस्ताद आठ दिवस तापाने पडले की गॅरेज आठ दिवस बंद. कप्प्यात लावलेली शिस्त दुसऱ्याला वाचता येते. अठरा वर्षांचा, आयटीआय करून आलेला मुलगा पहिल्या दिवशी पेटी उघडतो आणि कोणत्या कामाला काय लागते हे अर्धे तिथेच समजतो. पाना शोधण्यात त्याचे जे तास गेले असते ते इंजिन समजून घेण्यात जातात. उस्तादांचे ज्ञान त्यांच्याबरोबर जाऊ नये असे वाटत असेल, तर त्याची सुरुवात पेटीपासून करता येते.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड आहे. "पोरगा इथे नाही आला तर घरात चूल कशी पेटेल?" याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. कप्पे लावून गरिबी जात नाही. त्या विधवा आईला तेव्हा खरी मदत मोहल्ल्याने करायला हवी होती. जकात कशासाठी असते? पण मदतीऐवजी आपण तिचा मुलगा घेतला, त्याला हप्त्याला चार पैसे दिले आणि वर पुण्यही आपल्याच खात्यात लिहिले. मामू भले माणूस होते. त्यांनी त्याला कधी मारले नाही, ईदला आमच्यासारखेच कपडे केले. तरीही त्यांनी त्याला शाळेत घातले नाही, हे मला लिहिलेच पाहिजे. पाने जागेवर ठेवायची अक्कल त्यांना एका रेडिएटरने दिली. मुलाची जागा कुठे, हे त्यांना कुणी सांगितले नाही.

तो मुलगा आज स्वतःच्या गॅरेजचा मालक आहे. हात असा की नुसता आवाज ऐकून टॅपेट ओळखतो. पण १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आले. आता बिघाड स्कॅनरच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत येतो. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा त्याने मला पडदा दाखवला आणि विचारले, "देख रे, क्या लिखा है?" मी वाचून सांगितले. पुढचे काम त्याने दहा मिनिटांत केले. वाचणारा मी आणि करणारा तो. आमच्यात फरक एवढाच होता की जून महिन्यात मला घर होते.

त्याच्या गॅरेजात लहान पोरगा नाही. मदतीला एक वीस वर्षांचा तरुण आहे, पगारावर. चाकांची पेटी आहे, सहा कप्प्यांची, जुनी विकत घेतलेली. आत ट्यूबचे रबर आणि पांढऱ्या आकृत्या. प्रत्येक आकृतीखाली नंबर लिहिला आहे, सुबक अक्षरात. ते त्याच्या सातवीतल्या मुलीचे अक्षर. मी विचारले, मुलगी येते का गॅरेजात? तो म्हणाला, "एकच दिन आयी थी, इतवार को. स्कूल को छुट्टी थी."

ज्यांचे गॅरेज आहे, वेल्डिंगचे दुकान आहे, सुतारकाम आहे, त्यांनी येत्या सुट्टीच्या दिवशी पेटी फरशीवर उलटी करावी. तुटलेले, झिजलेले बाजूला काढावे, उरलेल्याला जागा द्यावी. अर्ध्या दिवसाचे काम आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोरगा आला, की त्याला विचारावे, तू कितवीत होतास?