कॅम्परमध्ये गॅस ठेवायचा की सगळं विजेवर न्यायचं?

"अरे, गॅस काढूनच टाकतो. सगळं इलेक्ट्रिक करतो."

मागच्या महिन्यात कॉलेजच्या ग्रुपवर एका मित्राचा हा मेसेज आला. तो अमेरिकेत डेन्व्हरला असतो, माझ्यासारखाच कोड लिहून पोट भरतो. नुकताच त्याने एक जुना पिकअप ट्रक आणि त्यावरचा कॅम्पर घेतलाय. ट्रक कॅम्पर म्हणजे मागे ओढायची व्हॅन नव्हे. ट्रकच्या हौद्यातच बसणारी छोटी खोली असते ती: बेड, शेगडी, फ्रिज, हीटर, पाण्याची टाकी, सगळं त्यात. जुन्या कॅम्परमध्ये यातली बहुतेक उपकरणं प्रोपेन गॅसवर चालतात.

त्याचा मेसेज यायच्या आधी काय घडलं होतं तेही सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. ऑक्टोबरची रात्र, उंची नऊ हजार फुटांच्या वर, बाहेर उणे आठ. रात्री तीनला हीटर बंद पडला. सिलिंडर जवळजवळ भरलेला. तो आणि त्याची बायको उरलेली रात्र ट्रकच्या केबिनमध्ये इंजिन चालू ठेवून बसले. "गॅसचा भरवसा नाही" असा निष्कर्ष काढून तो मोकळा झाला.

पण बंद गॅस पडलाच नव्हता. बॅटरी संपली होती.

कॅम्परचा गॅस हीटर गॅस जाळून हवा गरम करतो, पण ती हवा खोलीत ढकलणारा पंखा आणि ठिणगी पाडणारं सर्किट १२ व्होल्टवर चालतं. बॅटरी गेली की सेफ्टी सर्किट गॅसचा व्हॉल्व्हच उघडू देत नाही. आणि बॅटरी का संपली? त्याचा फ्रिज थ्री-वे आहे, म्हणजे गॅस, १२ व्होल्ट किंवा घरगुती वीज, कशावरही चालतो. गाडी चालवताना तो १२ व्होल्टवर ठेवला होता आणि कॅम्पला पोहोचल्यावर गॅसवर करायला विसरला. असा फ्रिज बॅटरीतून सतत १२ अँपिअरच्या आसपास खातो. जुनी १०० एएचची लेड-ॲसिड बॅटरी जेमतेम निम्मी वापरायची असते. ५० भागिले १२. चार तासांत खेळ खल्लास.

तरीही त्याचा विचार अगदीच चुकीचा नाही. सध्या तिकडे वारं त्याच दिशेने आहे. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीत २०१० मध्ये लिथियम बॅटरी पॅकचा भाव किलोवॅट-अवरला हजार डॉलरच्या वर होता, तो २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला. सात-आठ वर्षांपूर्वी नावाजलेल्या कंपनीची १०० एएचची लिथियम बॅटरी हजार डॉलरच्या घरात होती. आज साध्या ब्रँडची दोन-अडीचशे डॉलरला मिळते. पेबल आणि लाइटशिप या कंपन्यांनी गॅस नसलेले, इंडक्शनवाले ट्रेलर बाजारात आणलेत, एकाची बॅटरी ४५ युनिटची, दुसऱ्याची ७७. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये नियम केला की नवे जनरेटर २०२८ पासून शून्य उत्सर्जनाचेच असावेत. त्यामुळे "गॅस संपला, आता फक्त वीज" असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येत असतील.

त्या व्हिडिओंमध्ये एक आकडा सहसा दिसत नाही.

९ किलो विरुद्ध ११ किलो

लाइट बिलावरचं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-अवर. आपण तेच माप वापरू. अमेरिकेतला सर्वसाधारण छोटा सिलिंडर २० पौंडांचा, म्हणजे ९ किलो प्रोपेनचा. एक किलो प्रोपेन जाळलं की साधारण १२.८ युनिट उष्णता मिळते. एका सिलिंडरमध्ये झाली जवळजवळ ११५ युनिट. याउलट १०० एएचच्या लिथियम बॅटरीत १.२८ युनिट असतात आणि तिचं वजन ११ किलोच्या आसपास. म्हणजे एका सिलिंडरला तोडीस तोड म्हणून नव्वद बॅटऱ्या लागतील, आणि त्यांचं वजन टनाच्या घरात जाईल. ट्रकने किती ओझं घ्यावं याचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर छापलेला असतो. अनेक हाफ-टन ट्रकमध्ये तो टनाच्याही आत असतो, आणि त्यातच कॅम्पर, माणसं, पाणी सगळं बसवायचं असतं.

मग गॅस जिंकला? तेही नाही. कारण हा हिशेब उष्णतेचा आहे आणि प्रत्येक उपकरणाचं काम उष्णता तयार करणं नसतं. म्हणून "गॅस की वीज" हा प्रश्न अख्ख्या कॅम्परला विचारून उपयोग नाही, एकेका उपकरणाला विचारावा लागतो.

फ्रिजपासून सुरुवात करू, कारण तिथला निकाल लागलाय. गॅसवरचा फ्रिज हे खरं तर भन्नाट यंत्र. १९२२ मध्ये स्टॉकहोममधल्या बाल्त्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ते शोधलं. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या खेळातून ज्योतीवर थंडावा तयार होतो आणि आत एकही हलणारा भाग नाही. पण गाडी सपाट जागी उभी नसेल तर त्याचं अभिसरण बिघडतं, आणि साडेपाच हजार फुटांच्या वर गॅसवर तो नीट चालेलच असं उत्पादकही सांगत नाहीत. डेन्व्हर स्वतः ५,२८० फुटांवर आहे! १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज दिवसाला अर्धा ते पाऊण युनिट खातो. तो उष्णता तयार करत नाही, इकडून तिकडे हलवतो, म्हणून इतकं कमी भागतं. दोन लिथियम बॅटऱ्या आणि टपावर ४०० वॅटचं सोलर असेल तर उन्हाळ्यात दिवसाला दीड-दोन युनिट सहज येतात. फ्रिज विजेवरच घ्या, माझ्या मते इथे चर्चेला जागा नाही.

हीटरचं गणित बरोबर उलटं आहे. १६,००० बीटीयूचा हीटर म्हणजे ४.७ किलोवॅट. थंड रात्री तो मिळून साडेतीन तास चालला तर सव्वा किलो गॅस जळतो आणि धुरांड्यातून जाणारा भाग वगळून खोलीत साधारण १२ युनिट उष्णता येते. तीच इलेक्ट्रिक हीटरने द्यायची तर नऊ-दहा बॅटऱ्या एका रात्रीत रिकाम्या. दुसऱ्या दिवशी त्या भरायच्या कशाने? हिवाळ्यात सूर्य खाली, दिवस छोटा, टपावर बर्फ. शिवाय लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करता येत नाही. तशी केली तर आत लिथियमचा थर जमून ती कायमची खराब होते, म्हणून तिचं बीएमएस चार्जिंगच अडवतं. म्हणजे ज्या रात्री हीटर सगळ्यात जास्त लागतो, त्याच्या दुसऱ्या सकाळी वीज सगळ्यात कमी मिळते. डिझेल हीटर हा तिसरा पर्याय आहे, पण तोही शेवटी इंधनच जाळतो. आंघोळीच्या पाण्याला हेच लागू: २३ लिटरची टाकी ४० अंशांनी तापवायला एक युनिटच्या वर लागतं, जवळजवळ अख्खी एक बॅटरी.

इंडक्शनचा सापळा

स्वयंपाकात मात्र दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि नवखे लोक इथेच फसतात. दोन माणसांचा दिवसाचा स्वयंपाक एक युनिटच्या आसपास होतो. कागदावर एक बॅटरी पुरते. पण युनिट म्हणजे किती साठा आहे, आणि वॅट म्हणजे तो किती वेगाने बाहेर काढताय. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा पॅक शिल्लक आहे, पण बँडविड्थ नाही. १,८०० वॅटचं इंडक्शन इन्व्हर्टरमार्फत १२ व्होल्टच्या बॅटरीतून १६० अँपिअर ओढतं. बऱ्याच १०० एएच बॅटऱ्यांचं बीएमएस १०० अँपिअरलाच कट मारतं. कुकर लावला, बटण दाबलं, सगळं बंद. त्यासाठी किमान दोन बॅटऱ्या, २,००० वॅटचा इन्व्हर्टर आणि अंगठ्याएवढी जाड केबल लागते. पातळ केबल वापरली तर ती तापते, आणि गाडीतली आग तिथूनच सुरू होते.

मग शेगडी गॅसचीच ठेवावी? एक किलो प्रोपेन जळलं की १.६ किलो पाण्याची वाफ होते. हीटरची वाफ धुरांड्यातून बाहेर जाते, शेगडीची आतच राहते. एवढ्याशा बंद खोलीत ती भिंतींवर साचते, गादीखाली बुरशी धरते. आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिडकी उघडी, पंखा चालू, डिटेक्टर जिवंत, या तीन गोष्टी नसतील तर गॅसची शेगडी पेटवू नये. थंडी वाजते म्हणून शेगडीच पेटवून झोपणं तर जिवावरचं काम.

पेबल-लाइटशिपवाले हे सगळं सोडवतात, पण कितीतरी पट मोठी बॅटरी लावून, आणि किंमत लाख डॉलरच्या पुढे नेऊन. शिवाय ते ट्रेलर आहेत, वजन स्वतःच्या चाकांवर. ट्रक कॅम्परला ती चैन नाही. फोर्डच्या एफ-१५० हायब्रिडमधून ७.२ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर काढता येते, तो एक चांगला मधला मार्ग. पण त्यातही शेवटी पेट्रोलच जळतं.

आपल्याकडे लडाख-स्पितीला व्हॅन घेऊन जाणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. अमेरिकेतला सिलिंडर बहुतांश प्रोपेनचा, त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२. आपल्या एलपीजीमध्ये ब्यूटेनही असतो, आणि तो शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचं बंद होतो. म्हणून कडाक्याच्या थंडीत आपला सिलिंडर अर्धा भरलेला असूनही ज्योत मरते. आणि कोकणात जाणार असाल तर हीटरची रांग खोडूनच टाका, तिथे खरा खर्च एसीचा.

मित्राला मी एवढंच विचारलं, की तू वर्षातून किती रात्री शून्याच्या खाली झोपणार? तो म्हणाला, वीस-पंचवीस. मग त्याने शीट उघडली. फ्रिज बदलून १२ व्होल्टचा कंप्रेसरवाला, २०० एएच लिथियम आतल्या उबदार कपाटात, ४०० वॅट सोलर, आणि गाडी चालताना चार्ज करायला डीसी-डीसी चार्जर. हीटर आणि गिझर गॅसवर. शेगडी तीच, सोबत एक सुटं इंडक्शन, कॅम्पग्राउंडच्या प्लगवर चालवायला. दुसरा सिलिंडर घ्यायचा होता, तो रद्द केला. त्याच पैशात बॅटरीचा मॉनिटर घेतोय, फोनवर अलार्म देणारा. ४० टक्क्यांना वाजेल असा लावणार आहे. मी म्हटलं, साठला लाव.