समितीच्या कॉम्प्युटरची किल्ली कोणाच्या खिशात?

पांढुर्णा/सौंसर : गोदामाला कुलूप लावून किल्ली दारावरच टांगणारा चौकीदार आपण एक दिवसही ठेवणार नाही. पण कॉम्प्युटरचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला आपल्याला चालतो! बातमीच्या निमित्ताने कार्यालयांत फिरताना हे चित्र अनेकदा पाहिलं.

आता हे बोलायचं कारण आहे. प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे आपल्याकडच्या सेवा सहकारी समित्या, संगणकीकृत करण्याच्या २,५१६ कोटींच्या योजनेला केंद्राने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली. खत, पीककर्ज, वसुली सगळं वहीतून स्क्रीनवर. चांगलंच आहे. पण वहीत खाडाखोड झाली तर अक्षर ओळखू यायचं. स्क्रीनवर फक्त आयडी दिसतो. एकच आयडी चौघे वापरत असतील, तर खोट्या नोंदीचा जाब विचारायचा कोणाला?

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचं उदाहरण घ्या. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला तिथून ९४ कोटींवर रक्कम गेली. तिजोरी कोणी फोडली नाही. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत घुसून मधेच बनावट स्विच बसवला. एटीएमवर बनावट कार्ड घातलं की बँकेच्या मुख्य सर्व्हरला न विचारताच 'पैसे द्या' असं उत्तर जायचं. २८ देशांतून पैसे निघाले. शिवाय १३.९२ कोटी बँकेच्याच नावाने संदेश पाठवून हाँगकाँगला वळवले. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली.

दुसरा धडा जुलै २०२४ चा. सी-एज टेक्नॉलॉजीज या पुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि जवळपास ३०० लहान सहकारी-ग्रामीण बँकांचे पेमेंट व्यवहार अडले. चूक बँकांची नव्हती, पण रांगेत ग्राहकच उभा होता. म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्याच्या हातात कोणती किल्ली आहे, हेही तपासावं लागेल.

उपाय महागडे नाहीत. प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळा आयडी. पासवर्डसोबत ओटीपी किंवा बोटाचा ठसा. नोंद एकाने करायची, मंजुरी दुसऱ्याने द्यायची. बदली किंवा निवृत्ती झाली की त्याच दिवशी आयडी बंद. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून वेगळी. आणि 'भोपाळहून बोलतोय' म्हणून कोणी ओटीपी मागितला, तर द्यायचा नाही, मग साहेब कितीही मोठा असो. घात झालाच तर लपवाछपवी न करता ताबडतोब १९३० ला फोन लावायचा. हा नंबर इकडे मध्य प्रदेशात चालतो, तसाच सीमेपलीकडे वरुड-काटोललाही.

कॉसमॉस मोठी बँक होती, धक्का सोसून उभी राहिली. गावच्या समितीत संत्रा-कापूस पिकवणाऱ्याचं कर्जखातं असतं. तिथली एक खोटी नोंद त्याला थकबाकीदार ठरवू शकते.

तेव्हा पुढच्या आमसभेत नफा-तोटा विचाराल, तेव्हा एक प्रश्न जोडा : आपल्या कॉम्प्युटरचे आयडी किती, आणि ते कोणाकोणाकडे आहेत?