‘गुन्हा कबूल’ म्हणजे सुटका नव्हे

तालुक्याच्या फौजदारी कोर्टाबाहेर एक सल्ला नेहमी ऐकू येतो, “कबूल कर, दंड भर, मोकळा हो.” रस्त्यात हातगाडी लावलेला फळवाला, शेजाऱ्याशी हातघाई झालेला तरुण, जमावबंदीत पकडलेला कॉलेजकुमार, सगळ्यांना एकच औषध. सल्ला देणारा कधी पैरवीवरचा हवालदार असतो, कधी घाईतला वकील, तर कधी आपलाच मामा-चाचा. हिशेब सरळ वाटतो. तीन तारखा म्हणजे तीन दिवसांचा रोज बुडणार; त्यापेक्षा दंड स्वस्त.

पण दंडाची पावती म्हणजे वीजबिलाची पावती नव्हे. कबुलीवर माणूस दोषी ठरतो. पुढे सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये ‘कधी दोषी ठरला आहात का?’ हा रकाना येतो, तेव्हा ती पावती बोलू लागते. अपिलाची वाटही जवळपास बंद होते. शिक्षेबद्दल दाद मागता येते, पण ‘मी दोषीच नव्हतो’ असं म्हणता येत नाही.

कायदा इतका घाईचा नाही. समन्स खटल्यांत कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 275 सांगतं. कबुली आली तरी दोषी ठरवायचं की नाही, हे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या विवेकावर आहे. मग आरोप न समजलेल्या माणसाची मान हलली, एवढ्यावर निकाल कसा लागतो?

2020 ची दिल्ली आठवा. तबलिगी जमातच्या शेकडो परदेशी पाहुण्यांनी घरी परतण्यासाठी किरकोळ गुन्हे कबूल केले आणि दंड भरला. 44 जणांनी मात्र खटला लढायचं ठरवलं. त्यांतले आठ आरोपमुक्त झाले, उरलेले 36 डिसेंबरमध्ये निर्दोष सुटले. पुरावा टिकला नाही. ज्यांनी दंड भरला, त्यांच्या नावावर दोष मात्र राहिला.

दंगलीच्या खटल्यात आपण वकिलांची फौज उभी करतो, वर्गणी काढतो. या छोट्या कोर्टात मात्र आपलं कुणीच नसतं. खरं तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. स्त्रिया आणि कोठडीतील व्यक्तींना तर उत्पन्नाची अटही नाही. साध्या मारहाणीच्या खटल्यात फिर्यादीशी रीतसर तडजोड झाली, तर तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. हे जुम्म्याच्या नमाजनंतर दोन मिनिटांत सांगता येईल. जमात, मंडळं, बचतगट यांनी ते सांगायला हवं.

आणि कोर्टांकडे आपली मागणी एवढीच आहे. आरोपीला त्याच्या भाषेत आरोप समजावा, वकील हवा का ते विचारा, आणि कबुलीचा परिणाम सांगूनच कबुली घ्या. खरंच गुन्हा केला असेल, तर जरूर कबूल करावा. पण रोज बुडतो म्हणून दिलेली कबुली हा न्याय नाही. ती गरिबीवर लावलेला दंड आहे.