श्वासयंत्राची किंमत आणि इंजिनचालकाची झोप

चेन्नई येथे मुख्यालय असलेल्या दक्षिण रेल्वेतील लोको पायलटांनी जून 2024 मध्ये एक आगळा लढा दिला. त्यांनी संप पुकारला नाही. हक्काची विश्रांती घेतली, एवढेच. सोळा अधिक तीस अशी 46 तासांची साप्ताहिक विश्रांती मिळावी आणि लागोपाठ दोनहून अधिक रात्रपाळ्या नसाव्यात, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. प्रशासनाने उत्तर दिले ते शिस्तभंगाच्या कारवाईने.

परंतु झोपेचा प्रश्न केवळ तासांचा नाही. चेन्नईतील मधुमेह-संशोधकांच्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे 40 टक्के प्रौढ घोरणारे आढळले. आपल्याकडे घोरणे हा चेष्टेचा विषय. गाढ झोपेची खूण म्हणूनही त्याची वाखाणणी होते. प्रत्येक घोरणारा आजारी नसतो, हे खरे. मात्र ज्याच्या घशातील शिथिल झालेले स्नायू श्वासमार्गच बंद करतात, त्याचा श्वास रात्रीतून अनेकदा दहा-दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ थांबतो. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो. असा माणूस आठ तास अंथरुणात पडूनही सकाळी थकलेलाच उठतो. रक्तदाब व हृदयविकाराशी या व्याधीचे निकटचे नाते आहे. दिल्लीच्या 'एम्स'मधील वैद्यांनी 2023 मध्ये देशातील अशा रुग्णांची संख्या सुमारे 10 कोटी 40 लाख असल्याचा अंदाज मांडला.

यावर उपाय आहे. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली तो जगापुढे ठेवला. नाकावरील मुखवट्यातून विशिष्ट दाबाची हवा सतत सोडून श्वासमार्ग उघडा ठेवणारे हे यंत्र, म्हणजे सीपॅप. ते रोग मुळापासून काढत नाही, म्हणून दररोज रात्री लावावे लागते. साधे यंत्रही हजारो रुपयांना मिळते. शिवाय मुखवटा वारंवार बदलण्याचा खर्च. केंद्रीय आरोग्य योजनेतील सरकारी नोकरास प्रतिपूर्ती मिळते. कंत्राटी ट्रकचालकाने कोणाकडे पाहावे? आणि बाजाराच्या भरवशाचे म्हणाल, तर फिलिप्ससारख्या बलाढ्य कंपनीला आतील फेस झिजून श्वासात जाण्याच्या धोक्यामुळे जून 2021 मध्ये जगभरातील लाखो यंत्रे परत बोलवावी लागली.

अमेरिकेत 29 सप्टेंबर 2016 रोजी होबोकेन स्थानकात गाडी धडकली. एक स्त्री मृत्युमुखी पडली, शंभराहून अधिक जखमी झाले. चालकाला ही व्याधी होती आणि तिचे निदानच झाले नव्हते, असे चौकशीत निष्पन्न झाले. तरीही चालकांच्या सक्तीच्या तपासणीचा विचार तेथील सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये गुंडाळून ठेवला!

निदान झाले की गाडीवरून उतरवतील, ही भीती असेपर्यंत कोणताही चालक आपले घोरणे सांगणार नाही. म्हणून तपासणीबरोबरच नोकरीची व वेतनाची लेखी हमी, रेल्वे रुग्णालयातून मोफत यंत्र आणि चालककक्षांत ते लावून झोपण्याची सोय, या मागण्या विश्रांतीच्या मागणीस जोडल्या पाहिजेत. तामिळनाडूत ऑगस्ट 2021 पासून रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरपोच देणारी सरकारी योजना आहे. तिच्या कार्यकर्त्यांनी दारात आणखी एक प्रश्न विचारावा, आणि तो घोरणाऱ्याला नव्हे, त्याच्या घरच्यांना.