मालमोटारीतील सूर

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्ग मागे टाकून उमरग्याकडे जाताना लागणाऱ्या जळकोटपाशी जे मालमोटारचालक रात्री विसाव्यास थांबतात, त्यांच्या केबिनमधील गाण्याला चैन समजणे मला अन्यायाचे वाटते. रात्रीच्या एकाकी प्रवासात तो सूर त्यांचा सोबतीच असतो. म्हणूनच तो खरखरू लागताच सबंध नवा संच माथी मारणाऱ्या सल्ल्याला माझी स्पष्ट हरकत आहे.

दोष बहुधा संचाचा नसतो. स्पीकरच्या तारा सुट्या करून त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. 'खट्' असा आवाज आला, तर आतले वेटोळे शाबूत आहे. इंजिनाच्या गतीबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू येत असेल, तर अर्थिंगची तार सोडवून, चासीवरील रंग व गंज खरवडून, ती उघड्या लोखंडाला घट्ट आवळून पाहावी. या कामाला फारतर एक पाना लागतो.

परंतु एका बाबतीत काटकसर नाहक महागात पडते. अवजड मालमोटारीत दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट देतात आणि मोटारगाडीचा संच असतो १२ चा. तेव्हा एकाच बॅटरीवरून तार ओढण्याची जी सर्रास वहिवाट आहे, तिच्यामुळे ती बॅटरी उपाशी राहते, दुसरी गरजेहून अधिक चार्ज होते, आणि अखेर दोन्ही अकाली निकामी होतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर फ्यूजसह आधी घ्यावा, मग स्पीकर. अ‍ॅम्प्लिफायरची निकड केबिनच्या त्या चिमुकल्या जागेत क्वचितच भासते.